ठिपका वर, नळी खाली

सासूबरोबर एका घरात राहणं अवघड असतं, असं लोक म्हणतात. मी राहतो. त्यात काही विशेष नाही. अवघड असतं ते सासूबरोबर एकच बंदूक वापरणं.

गैरसमज नको. आमच्या मड क्रीक कॉन्झर्व्हेशन क्लबात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नेमबाजीची स्पर्धा असते. शिटी वाजली की पळायचं, लाकडी भिंतींच्या आडोशानं डोकवायचं, तपकिरी पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पांढरे पुठ्ठे ही भली माणसं समजून त्यांना सोडायचं, आणि मधेमधे उभ्या असलेल्या पोलादी तबकड्या पाडायच्या. बहुतेक सगळे पिस्तूल वापरतात. आम्ही मोजके लोक कार्बाइनवाले. कार्बाइन म्हणजे पिस्तुलाचीच गोळी खाणारी, पण खांद्याला लावायची आखूड बंदूक. पोहण्याच्या शर्यतीत होडी घेऊन आलेल्या माणसाकडे लोक ज्या नजरेनं बघतील, त्या नजरेनं पिस्तूलवाले आमच्याकडे बघतात.

माझ्या सासूबाई ऑपल डिनविडी यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि जन्मभर त्यांनी शाळेची बस चालवली. त्या बसमधून अर्धा तालुका शिकला. मीही शिकलो. त्यांच्या मुलीशी, लोरेटाशी, माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांना मी अजून 'मिस ऑपल'च म्हणतो. त्यांनी आरशातून नुसतं बघितलं तरी माझे हात आपोआप मांडीवर येतात आणि तोंडात च्युइंगम असेल तर ते गिळलं जातं.

सासूबाई पूर्वी पिस्तूल चालवायच्या आणि चांगल्या चालवायच्या. पुढे बोटांच्या सांध्यांनी संप पुकारला. पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढणं त्यांना जमेना. कार्बाइन खांद्यावर टेकते, वजन दोन्ही हातांवर वाटलं जातं, आणि काचेत एक लाल ठिपका दिसतो, तो निशाणावर ठेवायचा की झालं. म्हणून आम्ही भागीत एक कार्बाइन घेतली. एकानं मारायची, दुसऱ्यानं आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. क्लबाला हे चालतं. ठिपक्याची काच मात्र मी हौसेनं अशी आणली की ती बंदुकीपेक्षा महाग पडली. नाकापेक्षा मोती जड, हे लोरेटानं मला जेवताना, भांडी घासताना आणि चर्चमध्ये, असं तीन निरनिराळ्या आवाजांत सांगितलं.

आता खरा मुद्दा. ही काच नळीच्या वर, सुमारे अडीच इंच उंचीवर बसते. म्हणजे डोळा बघतो वरून आणि गोळी निघते खालून. या दोघांची भेट किती अंतरावर घालून द्यायची, हे आपण काचेचा स्क्रू फिरवून ठरवायचं. भेटीच्या त्या अंतराला झिरो म्हणतात. दहा यार्डांवर करा, पंचवीसवर करा, पन्नासवर करा, तुमची मर्जी. ही मर्जी माणसाला कुठवर घेऊन जाते, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

सुरुवात झाली क्लबाच्या मे महिन्यातल्या बैठकीत. आमच्या बैठका जेवणाबरोबर होतात, त्यामुळे इंडियाना राज्यातले काही फार गंभीर निर्णय बटाट्याच्या लगद्यावर नूडल्स वाढता वाढता घेतले गेलेले आहेत. क्लबाचे अध्यक्ष मर्ल गुटवाइन उभे राहिले. हा माणूस पिस्तूलवाला, आणि हाताचा कसबी सुतार. स्पर्धेतल्या सगळ्या लाकडी भिंती तोच बांधतो. त्या वर्षी त्यानं देवदाराच्या फळ्यांच्या नव्या भिंती बांधून त्यांना हिरवा रंग दिला होता, आणि लोक बाळाच्या पाळण्याकडे बघतात तसा तो त्यांच्याकडे बघायचा.

"मंडळी," मर्ल म्हणाला, "जुन्या भिंतींना किती भोकं पडली ते मी मोजलं नाही. चाळणीची भोकं कोणी मोजत नाही. पण ती पाडली कोणी ते सगळ्यांना माहीत आहे. कार्बाइनवाल्यांनी! यांचा डोळा फळीच्या वरून बघतो आणि नळी राहते फळीच्या मागे. ठिपका दिसला की हे खुशाल चाप ओढतात, आणि माझी फळी मरते."

हे खरं होतं. त्यातली दोन भोकं माझी होती.

"म्हणून माझा ठराव असा. ऑक्टोबरच्या स्पर्धेत नव्या भिंतीला कार्बाइनचं एक भोक जरी पडलं, तरी पुढच्या वर्षापासून या क्लबात कार्बाइन बंद."

"अनुमोदन," नूडल्सनी भरलेल्या एका तोंडानं सांगितलं. हात वर झाले. मीही हात वर केला होता, तो ग्रेव्हीचं भांडं मागायला. तो अनुकूल मतांत मोजला गेला.

सासूबाईंनी आपलं पर्सिमन फळाचं पुडिंग शेवटच्या घासापर्यंत खाल्लं आणि चमचा वाटीत आडवा ठेवला. गाडीत बसल्यावर त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "वेंडेल, पिस्तूल आता माझ्या हातात राहत नाही. कार्बाइन गेली की मी शनिवारी काय करायचं? खिडकीत बसून दुसऱ्यांनी चालवलेल्या बस बघायच्या?"

"तुम्ही काळजी करू नका, मिस ऑपल," मी म्हणालो. "मी कार्बाइन अशी झिरो करतो की गोळी ठिपक्याला सोडून जाणारच नाही."

"तू?" मागच्या सीटवरून लोरेटा म्हणाली. "तू आत्ताच आईच्या विरुद्ध मत देऊन आलास."

झिरोचा हा प्रश्न आपल्या मनाशी ठेवावा एवढं शहाणपण मला नव्हतं. मी जिल्हा कचेरीत मालमत्ता-कर खात्यात आहे. दिवसभर लोक माझ्यासमोर उभे असतात आणि त्यांना कराव्यतिरिक्त कोणत्याही विषयावर बोलायला आवडतं. झिरो किती यार्डांवर करावा, हे मी एकाला विचारलं आणि आठवडाभर खिडकीपुढची रांग हलली नाही. पास्टरसाहेब म्हणाले, दहा, कारण मोह नेहमी जवळूनच येतो. दंतवैद्य म्हणाला पंचवीस, आणि ते त्यानं माझ्या तोंडात दोन्ही हात घालून सांगितल्यामुळे मला विरोध करता आला नाही. आणि शेजारचा ड्वेन म्हणाला पन्नास.

ड्वेन शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा. निवृत्त झाला तेव्हा शाळेनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि आमच्या गल्लीनं तो आत ओढून घेतला. "इकडे ये," तो म्हणाला आणि त्यानं मला बागेतला पाण्याचा पाइप दिला. "हा छातीशी धर. डोळा तुझा वर, नळी खाली. आता कुंपणापलीकडचा तो खांब बघ. सरळ खांबाकडेच बघायचं. पाणी त्याला लागेपर्यंत पाइपचं तोंड वर कर."

मी केलं. आणि मित्रहो, मी खरोखर थक्क झालो. पाणी माझ्या नजरेच्या खालून निघालं, चढत चढत नजरेच्या रेषेला भेटलं, तिच्या वर गेलं, तिथं उन्हात क्षणभर चमकलं, आणि मग खाली झुकून खांबापाशी पुन्हा तिला भेटलं. दोनदा भेट! जन्मभर मी समजत होतो की गोळी सरळ जाते. सरळ काहीच जात नाही. सगळं आधी जरासं वर फेकावं लागतं आणि मग ते आपल्या वजनानं खाली येतं. ही गोष्ट जगात रोज, सगळीकडे, माझ्या नाकासमोर चालू होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. मी पाइप तसाच धरून उभा राहिलो.

"कळलं?" ड्वेन म्हणाला. "पन्नासवर भेट घालून दे. मग मधल्या वाटेत गोळी ठिपक्यापासून फार लांब जात नाही."

"वेंडेल!" ही हाक लोरेटाची होती. खांबाला दोरी बांधलेली होती आणि दोरीवर तिची गोधडी वाळत होती. माझं सृष्टिरहस्य तिच्या गोधडीत मुरत होतं.

"पन्नास," मी तिला म्हणालो.

पन्नास ठरलं. पण पन्नास यार्डांची पट्टी, म्हणजे एवढ्या लांबवर मारायची मोकळी जागा, क्लबात एकच, आणि ती बंद. का, तर पट्टीच्या टोकाला निशाण लावायची जी चौकट आहे, तिच्या वरच्या आडव्या दांडीवर मर्लनंच ठोकलेल्या लाकडी घरट्यात निळ्या पाखरांच्या एका जोडप्यानं बिऱ्हाड केलं होतं. आमच्या क्लबाच्या नावात निसर्गरक्षण आधी आहे आणि नेमबाजीचा तर उल्लेखही नाही, हे मी विसरलो होतो.

"पक्षी समितीकडे अर्ज कर," मर्ल म्हणाला.

"समितीचा प्रमुख कोण?"

"मी."

"मग तुलाच विचारतो."

"मला विचारू नकोस. मी आत्ता अध्यक्ष म्हणून बोलतोय. समिती महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बसते."

पहिल्या गुरुवारी समिती बसली नाही, कारण समितीतले तिघेही मासे तळायला गेले होते. क्लबाचा वार्षिक मासेतळणीचा दिवस तोच. पुढच्या गुरुवारी मर्लनं मला समिती म्हणून सांगितलं की पिल्लं उडाल्याशिवाय पट्टी उघडणार नाही. पिल्लं कधी उडतील असं मी विचारलं, तर म्हणाला, त्यांना विचार. मी खरंच गेलो. रोज कचेरीतून सुटलो की दुर्बीण घेऊन त्या घरट्यासमोर बसायचो. आई-बाप चोचीत किडे घेऊन घिरट्या घालायचे, आतून कालवा उठायचा. आधी मी त्यांच्यावर चिडलेला होतो. मग चिडणं संपलं. एवढीशी पाखरं, पण ती लांबच्या कुंपणावरून निघून त्या नाण्याएवढ्या भोकात न चुकता शिरायची, आणि त्यांच्यापैकी कोणीही कुठला झिरो केलेला नव्हता.

सासूबाई माझ्याबरोबर यायच्या, घडीच्या खुर्चीत बसून विणकाम करायच्या. "पंचवीसवर कर ना," त्या म्हणायच्या. "ती पट्टी तर उघडी आहे."

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे, मिस ऑपल."

"ऑक्टोबर तत्त्वासाठी थांबत नाही," त्या म्हणायच्या आणि सुईवर पुढचा टाका घ्यायच्या.

अखेर पिल्लं उडाली आणि पट्टी उघडली. मी वाळूच्या पोत्यावर कार्बाइन टेकवली, पन्नास यार्डांवरच्या कागदावर ठिपका ठेवला, मारलं, स्क्रू फिरवला, पुन्हा मारलं. शेवटच्या पाच गोळ्या बशीत बसतील इतक्या जवळजवळ लागल्या. एवढ्या लांब, एवढ्याशा जागेत, आणि त्या मी मारल्या होत्या! मी तो कागद घरी आणून फ्रिजवर लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला मी पाण्याचा ग्लास न विचारता आधी फ्रिज दाखवायचो.

पुढच्या आठवड्यात आम्ही सरावाला गेलो. सात यार्डांवर तपकिरी पुठ्ठ्याचं डोकं आणि त्याच्या गळ्याशी पांढरा पुठ्ठा, म्हणजे भला माणूस. मी कपाळावर ठिपका ठेवला आणि चाप ओढला. गोळी भल्या माणसाला लागली. पुन्हा मारली. पुन्हा त्यालाच. त्या निरपराध गृहस्थाच्या अंगावर मी सहा भोकं पाडली, आणि मग माझ्या मनानं जे निदान केलं ते फक्त कार्बाइनवालाच करू शकतो. मला वाटलं, खडीच्या रस्त्यावर गाडीच्या धक्क्यांनी काच हलली!

ड्वेनच्या पाइपचं पाणी खालून निघून हळूहळू वर चढतं, हे मी रोमांचित होऊन पाहिलं होतं. पण ते चढायच्या आधी खालीच असतं, हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी तिथंच, सात यार्डांवर, काच पुन्हा झिरो केली. गोळी आता बरोबर कपाळात. मी समाधानानं पन्नासच्या पट्टीवर गेलो, नुसती खात्री करून घ्यायला. सासूबाई मागे खुर्चीत. त्यांच्यामागे, का कोण जाणे, मर्ल.

सातवर भेट घातलेली गोळी पन्नासला पोचेपर्यंत फूटभर वर गेलेली असते. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मी कागदाच्या मधोमध ठिपका ठेवून चाप ओढला. 'टक्' असा आवाज झाला आणि घरट्याचं छप्पर उडालं.

मी कार्बाइन खाली ठेवली.

"पाखरं गेली होती," मी म्हणालो. "घर रिकामं होतं."

"भाडेकरू गेले होते," मर्ल म्हणाला. "घर माझं आहे."

तो शांतपणे चालत गेला, छपराचे दोन तुकडे उचलले, एकमेकांना जुळवून बघितले आणि खिशात घातले. परत येताना माझ्यापाशी थांबला. "मला भिंतीची काळजी नाही वेंडेल," तो म्हणाला. "भिंत मोठी आहे. तुला ती लागणार कशी?" हे बोलणं चांगलं की वाईट, याचा मी दोन दिवस विचार केला. मग कचेरीत एकानं विचारलं, मालमत्ता-करवाल्यांनी आता परस्पर पाडकामही सुरू केलं का, तेव्हा मी विचार करायचं सोडलं.

मी ड्वेनला घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो आणि त्याच्याकडून आकडे काढून घेतले. आणि तिथं मी दुसऱ्यांदा थक्क झालो. गोळी जवळच्या अंतरावर ठिपक्याच्या खालीच लागते, झिरो पंचवीसवर करा नाहीतर पन्नासवर. आणि पंचवीस व पन्नास या दोन झिरोंमध्ये, आमच्या स्पर्धेत लागणाऱ्या कुठल्याही अंतरावर, फरक पडतो तो इंचापेक्षा कमी.

सासूबाईंनी आपला अंगठा वर धरला आणि त्याच्या सुजलेल्या सांध्याकडे बघितलं. "म्हणजे या नखाएवढ्या फरकासाठी तू उन्हाळाभर पाखरांकडे बघत बसलास?"

"हो," मी म्हणालो.

"पंचवीसवर कर आणि जेव."

पंचवीसवर केली. मग तालीम सुरू झाली. जवळचा पुठ्ठा असला की ठिपका कपाळावर नाही, केसांत धरायचा, हे सासूबाईंनी एका दुपारीत हाताला लावून घेतलं. भिंतीसाठी आम्ही गॅरेजमध्ये इस्त्रीचं टेबल आडवं उभं करायचो आणि रिकामी कार्बाइन घेऊन त्याच्या काठावरून डोकवायचो. लोरेटा बाजूला खुर्ची टाकून बसायची आणि नळीचं तोंड काठाच्या वर आहे की मागे, ते बघायची. "मागे!" ती ओरडायची. "मेली फळी! आई, तुझं बरोबर. वेंडेल, पुन्हा मेली." त्या आठवड्यात माझ्या हातून लोरेटाचं इस्त्रीचं टेबल इतक्या वेळा मेलं की झोपेतही मला तिचा आवाज यायचा. पण हळूहळू जमलं. ऑक्टोबर आला तेव्हा मला वाटलं, आपण तयार आहोत.

मर्लही तयार होता. शेवटच्या डावासाठी त्यानं जी हिरवी भिंत उभी केली होती तिला काठच नव्हता. ती डोक्याहून उंच होती आणि तिच्यात कमरेच्या उंचीला एक लांब, आडवी फट होती, पत्रपेटीच्या तोंडासारखी. भिंतीच्या अलीकडे जमिनीवर न ओलांडायची रेघ मारलेली, म्हणजे जवळ जाऊन नळी फटीतून बाहेर काढायचीही सोय नाही. आणि फटीतून दिसत होती एकच पोलादी तबकडी, जेवणाच्या मोठ्या ताटाएवढी, पन्नास यार्डांवर.

बाकीचे कार्बाइनवाले त्या दिवशी मक्याच्या कापणीला गेले होते. निदान तसं त्यांनी कळवलं होतं. उरलो मी आणि सासूबाई.

माझी पाळी आधी. शिटी हातात घेऊन ट्रूडी उभी होती; तीही सासूबाईंच्या बसमधलीच. शिटी वाजली. मी पळालो. जवळचे पुठ्ठे, ठिपका केसांत, गोळी कपाळात. भल्या माणसांना धक्का नाही. पहिली भिंत, दुसरी भिंत, नळी काठाच्या वर. असं मी जन्मात कधी मारलं नव्हतं. मग मी फटीसमोर गुडघा टेकला.

ठिपका तबकडीच्या मधोमध बसला आणि हलेना. सबंध उन्हाळा मी याच क्षणाची वाट बघितली होती. लाल ठिपका, पांढरी तबकडी, मागे मातीचा बांध, आणि त्यावर ऑक्टोबरचं ऊन. इतकं सुंदर मी काही बघितलं नव्हतं. माझं बोट चापावर गेलं.

आणि मग मला दिसलं की मर्लनं फट मापून कापली आहे. डोळा आणि नळी यांच्यातलं अंतर अडीच इंच, आणि फट त्याहून कमी. ठिपका फटीतून दिसतो म्हणजे नळी खालच्या फळीमागे. नळी फटीत आणली की ठिपक्यासमोर वरची फळी. पंचवीस, पन्नास, दहा, कुठलाही झिरो करा, इथं उपयोग नव्हता. कदाचित गोळी खालच्या फळीच्या काठाला चाटून गेली असती. कदाचित. बाजूला मर्ल हाताची घडी घालून उभा होता. मागे सासूबाई खुर्चीत ताठ बसलेल्या, हात मांडीवर.

मी बोट चापावरून काढलं आणि उभा राहिलो.

"वेंडेल?" ट्रूडी म्हणाली. "झालं?"

"झालं."

"अरे, मार की!" गर्दीतून ड्वेन ओरडला. "उन्हाळाभर तूच पन्नास पन्नास करत होतास ना?"

मी कार्बाइन रिकामी करून दाखवली. तबकडी उभीच होती. लोक हसले. हसू देत, असं मी मनाशी म्हणालो, पण कान तापले ते तापलेच.

सासूबाई उठून आल्या. मी त्यांच्या हातात कार्बाइन दिली आणि कुजबुजलो, "मिस ऑपल, शेवटची तबकडी सोडून द्या. त्या फटीतून जमत नाही. एवढीच गेली तर गेली, पण भिंत…"

"वेंडेल," त्या म्हणाल्या, "मी कधी बस अर्ध्या रस्त्यात उभी करून उतरले होते का?"

मला ओरडून त्यांना थांबवावंसं वाटलं. पण त्यांना ओरडून थांबवायची पद्धत आमच्या तालुक्यात नाही.

शिटी वाजली. सासूबाई पळाल्या नाहीत, त्या चालल्या. प्रत्येक पुठ्ठ्यासमोर थांबल्या, केसांत ठिपका धरला, मारलं, पुढे गेल्या. दोन्ही भिंती पार झाल्या. मग त्या फटीसमोर आल्या आणि मी डोळे मिटणार होतो, पण मिटले नाहीत.

गुडघा टेकणं त्यांना जमत नाही. मान खाली जात नाही. म्हणून पलंगाखाली काही शोधताना त्या वाकतात तशा त्या वाकल्या, कमरेतून, एका बाजूला. डोकं आडवं झालं, खांदा आडवा झाला, आणि खांद्याबरोबर कार्बाइनही आडवी झाली. काच आणि नळी आता वर-खाली नव्हत्या. शेजारी शेजारी होत्या. दोन्ही फटीत.



पहिली गोळी सुटली. मागच्या बांधावर धूळ उडाली. सगळ्यांच्या माना तबकडीकडे. मर्लची एकट्याची भिंतीकडे. दुसरी गोळी सुटली. 'टण्' असा आवाज आला, अगदी काठावरचा. तबकडी डुलली, पुढे आली, मागे गेली, थांबलीशी वाटली, आणि पडली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या वाजवायचं सुचण्याच्या पलीकडचं ते होतं. ट्रूडी हातातली शिटी विसरून बघत राहिली. मला जगात बऱ्याच गोष्टींचं आश्चर्य वाटलं आहे, पण त्या वाकड्या, आखडलेल्या, आडव्या बाईकडे बघताना जे वाटलं ते त्या आधी कधी वाटलं नव्हतं.

मी पुढे गेलो. "तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "आडवी धरली की…"

"काय माहीत होतं? मान वळत नाही रे. खाली बघायचं तर मी अशीच बघते."

मर्लनं चष्मा लावला. तो भिंतीपाशी गेला आणि फटीच्या खालच्या फळीवरून बोट फिरवू लागला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग वरच्या फळीवरून. मग भिंतीला वळसा घालून पलीकडून. सगळा क्लब त्याच्या बोटाकडे बघत होता. त्याला एक ओरखडा सापडला. त्यानं तो नखानं खरवडला, वाकून बघितलं, आणि तो रंगाच्या कुंचल्याचा निघाला. त्यानं पुन्हा एकदा सगळी फळी चाचपली.

"भोक नाही," तो म्हणाला. आणि मग, भिंतीकडेच बघत, "पुढच्या वर्षी मी ही फट याहून अरुंद करणार आहे, ऑपल."

सासूबाईंनी माझा दंड धरला होता. सगळं वजन त्यांनी माझ्यावर टाकलं होतं. आवाज मात्र बसमधला होता.

"कर," त्या म्हणाल्या. "मी येणार आहे."